उपाशी वटवाघळांचा हिवाळा

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराचे हेंड्रा हे उपनगर म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचा मुलूख. रेसकोर्सच्या आजूबाजूला तबेले, पहाटे घोड्यांना फिरवायला निघालेली माणसे, आणि सगळ्यांच्या तोंडी पुढच्या शर्यतीच्या गोष्टी. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथले प्रशिक्षक विक रेल यांनी ‘ड्रामा सीरीज’ नावाची एक गाभण घोडी कॅनन हिल भागातल्या कुरणातून तबेल्यात आणली. घोडी मलूल होती, तोंड सुजले होते, श्वास घेताना धाप लागत होती. रेल आणि त्यांचा मदतनीस तिच्या तोंडात हाताने चारा घालण्याचा प्रयत्न करत राहिले. दोन दिवसांत घोडी गेली. पुढच्या काही दिवसांत शेजारच्या ठाणांतले घोडेही एकामागून एक तापले, नाकातोंडातून फेस आणि रक्त येऊन कोसळले. रेल आणि त्यांचा मदतनीस दोघेही अंथरुणाला खिळले. मदतनीस वाचला. रेल यांचा २७ सप्टेंबरला अतिदक्षता विभागात मृत्यू झाला. या साथीत चौदा घोडे गेले.

सुरुवातीला कोणी विषबाधेचा संशय घेतला, तर कोणी परदेशातून आलेल्या अश्वरोगाचा. पीटर रीड हे पशुवैद्य तबेल्यात जाऊन आजारी घोडे तपासत होते. त्यांनी घेतलेले नमुने जिलाँग इथल्या राष्ट्रीय पशुआरोग्य प्रयोगशाळेत गेले आणि तिथे काही दिवसांतच एक अनोळखी विषाणू हाती लागला. तो गोवर आणि गालगुंड ज्या विषाणूंमुळे होतात त्यांच्या कुळातला होता, पण त्याची जनुकीय लांबी त्या कुळातल्या कोणत्याही भाऊबंदापेक्षा जास्त होती. पुढे त्याला त्या उपनगराचेच नाव मिळाले. विषाणू सापडला, पण तो आला कुठून, हे कोणालाच सांगता येईना.

वर्षभराने या कोड्याला आणखी एक गाठ पडली. ब्रिस्बेनपासून उत्तरेला शेकडो किलोमीटरवर, मकाय या उसाच्या पट्ट्यात, एका शेतकऱ्याचा मेंदूच्या दाहाने मृत्यू झाला. तपासात कळले की ऑगस्ट १९९४ मध्ये, म्हणजे हेंड्राच्याही आधी, त्याच्या शेतावरचे दोन घोडे मेले होते आणि त्यांच्या शवविच्छेदनाला त्याने हात लावला होता. विषाणू तेव्हा त्याच्या शरीरात शिरला आणि वर्षभर दबा धरून बसला. या दोन तबेल्यांमध्ये घोड्यांची ने-आण झाली नव्हती, माणसांचे येणे-जाणे नव्हते. मग दोन्हीकडे पोचलेला तिसरा कोण?

ह्यूम फील्ड या पशुवैद्याने हा प्रश्न संशोधनाचा विषय म्हणून हाती घेतला. कॅनन हिलच्या कुरणात पिंजरे लावून उंदीर, पोसम आणि इतर रानटी जनावरे पकडून झाली; कशाच्याही रक्तात विषाणूची खूण नव्हती. तेव्हा फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने विचार केला. जो प्राणी ब्रिस्बेनलाही असतो आणि मकायलाही, जो लांब पल्ले गाठतो आणि कुरणातल्या घोड्याच्या जवळ येऊ शकतो, असे प्राणी किती? पक्षी, नाहीतर वटवाघळे. या कुळातले विषाणू सस्तन प्राण्यांत अधिक सापडतात, म्हणून पारडे वटवाघळांकडे झुकले. शिवाय ड्रामा सीरीज ज्या कुरणात होती तिथे अंजिराच्या जातीचे एक मोठे झाड होते, आणि अशा झाडांवर रात्री फळे खायला मोठी फळभक्षी वटवाघळे उतरतात.

१९९६ मध्ये जखमी वटवाघळांची शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांच्या मदतीने रक्त गोळा झाले, आणि उत्तर लगेच मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या चारही मोठ्या फळभक्षी जातींच्या रक्तात हेंड्राविरुद्धची प्रतिपिंडे होती. त्याच वर्षी कुंपणाच्या तारेत अडकलेल्या एका गाभण मादीच्या गर्भाशयातल्या द्रवातून किम हॅल्पिन आणि त्यांच्या गटाने खुद्द विषाणूच वेगळा केला. यात संशोधकांना सगळ्यात जास्त चकित केले ते त्या प्राण्यांच्या तब्येतीने. प्रयोगशाळेत फळभक्षी वटवाघळांना हा विषाणू टोचला, तरी ती खात-पीत राहिली. ज्याने घोड्यांची फुप्फुसे रक्ताने भरली, तो विषाणू वटवाघळाला साधे आजारीही पाडत नव्हता.

वटवाघूळ आणि रोग यांची सांगड तशी जुनी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्रिनिदाद बेटावर गुरे आणि माणसे पक्षाघाताने मरू लागली. माणसांच्या बाबतीत पोलिओ म्हटले गेले, गुरांच्या बाबतीत अन्नविषबाधा. तिथले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जोसेफ लेनॉक्स पवन यांनी १९३१ मध्ये मृतांच्या मेंदूत रेबीजच्या खुणा ओळखल्या आणि रक्त पिणाऱ्या वटवाघळांपर्यंत माग काढला. पण रेबीजने वटवाघळेही मरतात. तिथे ‘हा आजारी का पडत नाही’ हा प्रश्न तितका टोकदार नव्हता. पुढे अमेरिकेत डॅलस इथे एडवर्ड सल्किन आणि रे अ‍ॅलन यांनी दोन दशके वटवाघळांत जपानी मेंदूज्वर आणि रेबीज यांचे विषाणू सोडून पाहिले. थंडीत शरीराचे तापमान उतरले की विषाणूही मंदावतो आणि ऊब मिळताच पुन्हा डोके वर काढतो, हे त्यांनी दाखवले.

वटवाघळाच्या प्रतिकारशक्तीचा प्रत्यक्ष अभ्यास करणारे जगात अगदी मोजके लोक होते. त्यांतला एक गट आपल्या देशात होता, याचा उल्लेख मला मुद्दाम करावासा वाटतो. उत्तर बंगाल विद्यापीठात ए. के. चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात भारतीय फळभक्षी वटवाघळाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांचे प्रकार आणि त्यांची प्रतिक्रिया तपासली. उंदराच्या पेशी ज्या वेगाने उठून उभ्या राहतात, त्यापेक्षा या पेशी सावकाश जागतात, असे त्यांना दिसले. त्या काळी या निबंधांकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. ते विद्यापीठ सिलिगुडीच्या वेशीवर आहे, आणि २००१ च्या जानेवारीत त्याच सिलिगुडीत एक अनोळखी ताप येऊन ६६ जणांना लागण झाली, त्यांतले ४५ जण दगावले. हेंड्राच्या सख्ख्या भावाने, निपा विषाणूने, भारतात घेतलेले हे पहिले बळी.

निपाची कथा तोवर मलेशियात घडून गेली होती. सप्टेंबर १९९८ मध्ये इपोह शहराजवळच्या वराहपालकांना ताप आणि मेंदूचा दाह सुरू झाला. सरकारने जपानी मेंदूज्वर समजून डास मारण्याचा धूर सोडला, लसी टोचल्या. पण लस घेतलेलेही आजारी पडत होते. शिवाय डासांचा रोग असता तर तो मुलांना आधी झाला असता, शेजारच्या घरांतही गेला असता. इथे मात्र आजारी पडत होते ते डुकरांच्या गोठ्यांत राबणारे प्रौढ पुरुष, बहुतेक चिनी वंशाचे. डुकरांचा व्यवहार नसलेली शेजारची मलय कुटुंबे सुरक्षित होती. मलाया विद्यापीठातले विषाणूतज्ज्ञ चुआ काव बिंग यांनी मार्च १९९९ मध्ये रुग्णाच्या मेंदूच्या पाण्यातून नवा विषाणू वाढवला आणि खातरजमेसाठी नमुने स्वतः अमेरिकेत नेले. ज्या सुंगाई निपा वस्तीतल्या रुग्णाचा तो नमुना होता, तिचेच नाव विषाणूला पडले. साथ आटोक्यात येईपर्यंत मलेशियात २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू नोंदले गेले होते; दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्या उभे केलेले धंदे काही आठवड्यांत मातीला मिळाले.

चुआ तिथे थांबले नाहीत. हेंड्राचा धडा ताजा होता. ते आणि त्यांचे सहकारी तिओमान बेटावर फळभक्षी वटवाघळांच्या वस्तीखाली प्लॅस्टिकच्या चादरी अंथरून पहाटे परतणाऱ्या वटवाघळांची लघवी टिपत, अर्धवट खाऊन टाकलेली फळे गोळा करत. त्यांतूनच निपा विषाणू मिळाला. मग साखळी उलगडली. डुकरांच्या गोठ्यांना लागून आंब्याच्या बागा लावलेल्या होत्या. रात्री वटवाघळे आंबे खात, चघळलेला चोथा आणि उष्टी फळे खाली पडत, ती डुकरे खात. एकाच मालकाने एकाच जमिनीवर दोन जोडधंदे केले, हिशेबाच्या वहीत ते शहाणपणाचेच होते.

बांगलादेशात हाच विषाणू डुकरांशिवाय आला. हिवाळ्यात शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस गोळा करतात आणि पहाटे कच्चाच पितात. ढाक्याच्या संशोधकांनी झाडांवर अंधारात टिपणारे कॅमेरे बसवले, तेव्हा वटवाघळे खाचेवर बसून रस चाटताना दिसली. खाचेवर बांबूच्या कामट्यांचे आच्छादन बांधले की वटवाघूळ पोचत नाही, हेही तिथेच सिद्ध झाले. इतका स्वस्त आणि इतका नेमका उपाय साथींच्या इतिहासात क्वचित सापडतो.

याच दरम्यान, २००२-०३ मध्ये, दक्षिण चीनमधून सार्सची साथ निघाली. आठ हजारांवर लोकांना लागण झाली, ७७४ जण गेले. बाजारातल्या उदमांजरांवर ठपका आला आणि हजारो उदमांजरे मारली गेली. २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी नालनाक्या वटवाघळांत सार्सच्या विषाणूचे जवळचे नातलग शोधून काढले. त्यांतल्या एका गटात लिनफा वांग होते. शांघायला जन्मलेले वांग जिलाँगच्या त्याच प्रयोगशाळेत काम करत, हेंड्राची जनुकसंहिता वाचणाऱ्यांपैकी ते एक. हेंड्रा, निपा, सार्स, प्रत्येक वेळी पायवाट वटवाघळाच्या झाडाखाली किंवा गुहेत संपते, हे पाहून त्यांनी प्रश्नच फिरवला. वटवाघळात कोणकोणते विषाणू आहेत याच्या याद्या करणारे पुष्कळ होते. इतके विषाणू बाळगूनही ते जगते कसे, हे आपण पाहायचे, असे त्यांनी ठरवले.

ठरवणे सोपे होते. उंदरावर काम करणाऱ्याला लागणारे प्रत्येक रसायन, प्रत्येक प्रतिपिंड बाटलीत तयार मिळते. वटवाघळासाठी काहीच नव्हते. जिलाँगमध्ये मिशेल बेकर, वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आधी वटवाघळाच्या मूत्रपिंडातल्या पेशी काचपात्रात वाढवायला शिकावे लागले, मग एकेक जनुक शोधावे लागले. वाट पाहण्याची आणि पायाभूत हत्यारे घडवण्याची ही वर्षे कुठल्याही बातमीत आली नाहीत. पण पुढचे सगळे त्यांवर उभे आहे.

२०१२ च्या डिसेंबरात दोन जातींचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. एक ऑस्ट्रेलियातले मोठे काळे फळभक्षी वटवाघूळ, दुसरे चीनमधले लहान कीटकभक्षी. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या या दोन्ही फांद्यांत काही गोष्टी सारख्या निघाल्या. तुटलेला डीएनए दुरुस्त करणारी जनुके बदललेली होती. आणि पेशीत भलत्या जागी डीएनए दिसला की दाहाची हाकाटी पिटणाऱ्या जनुकांचे एक अख्खे घराणे दोघांतही नाहीसे झाले होते.

वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध उडण्याशी लावला. सस्तन प्राण्यांत खऱ्या अर्थाने उडणारे फक्त वटवाघूळ. उडताना त्याच्या शरीरात इतकी ऊर्जा जळते की तापमान ४१ अंशांपर्यंत चढते आणि त्या धगीत पेशींमधला डीएनए झिजतो, त्याचे तुकडे बाहेर सांडतात. आपल्या शरीरात असे तुकडे दिसले की प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजून दाह पेटवते. वटवाघळाने तसे केले असते तर ते रोज रात्री उडून रोज सकाळी आजारी पडले असते. म्हणून उत्क्रांतीच्या ओघात त्याची ही यंत्रणा मवाळ झाली, आणि उड्डाणासाठी झालेली ही तडजोड विषाणूंच्या बाबतीतही उपयोगी पडली. हे स्पष्टीकरण अजून सिद्धान्ताच्या पायरीवर आहे, पण माझ्या मते या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत सुंदर विचार.

पुढचे पुरावे एकेक करून जमत गेले. २०१६ मध्ये दिसले की काळ्या फळभक्षी वटवाघळात इंटरफेरॉन-अल्फा या विषाणूरोधक प्रथिनाची जनुके माणसापेक्षा खूप कमी, फक्त तीन आहेत, पण ती कायम चालू असतात. माणसाच्या पेशी विषाणू आल्यावर इंटरफेरॉन बनवायला घेतात. या वटवाघळाच्या पेशींत तो आधीपासूनच असतो. २०१८ मध्ये डीएनएची चाहूल देणाऱ्या ‘स्टिंग’ नावाच्या प्रथिनात एका जागी बदल सापडला, ज्यामुळे त्याचा आवाज खाली येतो. २०१९ मध्ये सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस संस्थेत, जिथे वांग यांनी आता आपले काम हलवले होते, दाह पेटवणारी एनएलआरपी३ ही यंत्रणाही वटवाघळात थंड असल्याचे दाखवले गेले. गावात रात्रभर गस्त असावी, पण चोर दिसला म्हणून कोणी घराला आग लावू नये, तसा हा बंदोबस्त. सार्स, इबोला किंवा कोविडने गंभीर आजारी झालेल्या माणसाची पुष्कळ हानी त्याच्या स्वतःच्या भडकलेल्या दाहानेच होते, हे लक्षात घेतले की या शोधाचे मोल कळते. २०२३ मध्ये याच गटाने वटवाघळाचे एक दाहशामक प्रथिन उंदरात घालून पाहिले, तर त्या उंदरांतला दाह उतरला आणि फ्लूच्या विषाणूपासून ते अधिक वाचले.

जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत. इजिप्तच्या फळभक्षी वटवाघळात इंटरफेरॉनची जनुके कमी होण्याऐवजी वाढलेली निघाली. म्हणजे सहनशीलतेच्या मुक्कामाला वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या वाटांनी पोचल्या. या सहनशीलतेची दुसरी बाजू २०२० मध्ये कॅरा ब्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींवरच्या प्रयोगांतून आणि गणिती प्रतिमानातून मांडली. जिथे पेशी सतत सावध, तिथे टिकायचे तर विषाणूला एका पेशीतून दुसरीत फार वेगाने पसरावे लागते. असा वेगवान झालेला विषाणू ज्याच्याकडे तशी तटबंदी नाही, त्या घोड्यात किंवा माणसात शिरला, की काय होते ते हेंड्राने दाखवलेच होते.

पण वटवाघूळ म्हणजे काही अमरपट्टा घेऊन आलेला जीव नाही. २००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या हाउ गुहेजवळ एका हौशी गुहाभटक्याने नाकावर पांढरी बुरशी चढलेल्या वटवाघळांचे छायाचित्र काढले. पुढच्या हिवाळ्यात तिथल्या गुहांत मेलेल्या वटवाघळांचे खच दिसू लागले. ही बुरशी थंडीत वाढणारी, युरोपातून आलेली. तिकडची वटवाघळे तिच्यासोबत जगायला शिकलेली होती, इकडची नव्हती. शीतनिद्रेत शरीर थंड आणि प्रतिकारशक्ती जवळजवळ निजलेली असते, तेव्हा बुरशी पंखांची त्वचा खाते. अस्वस्थ झालेले वटवाघूळ पुन्हा पुन्हा जागे होते, प्रत्येक वेळी साठवलेली चरबी जाळते, आणि बाहेर बर्फ असताना त्याचे अन्न संपते. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने २०१२ मध्येच मृतांचा अंदाज ५७ ते ६७ लाख असा दिला. जागी झालेली प्रतिकारशक्ती काहींना वाचवू शकली, काहींना नाही. कारण शरीराला लढायलाही शिधा लागतो.

आणि इथे पुन्हा ब्रिस्बेनच्या राज्याकडे, क्वीन्सलँडकडे, जावे लागते, कारण शिध्याचा हाच प्रश्न हेंड्राच्या तळाशी होता.

१९९४ नंतर हेंड्रा बराच काळ तुरळक डोकावत राहिला. २००८ आणि २००९ मध्ये घोड्यांवर उपचार करणारे दोन पशुवैद्य त्याने नेले. मग २०११ च्या हिवाळ्यात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये अठरा ठिकाणी उद्रेक झाला. वटवाघळांच्या वस्त्या उधळून लावा, गोळ्या घाला, अशी मागणी राजकीय व्यासपीठांवरून होऊ लागली. २०१२ मध्ये घोड्यांसाठी लस आली. पण विषाणू वटवाघळांत तर कायमच असतो. मग तो काही वर्षी इतका ओसंडतो आणि काही वर्षी अजिबात दिसत नाही, असे का?

रेना प्लोराइट या संशोधिकेने २००८ मध्येच एक धागा दिला होता. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेतल्या लहान तांबूस फळभक्षी वटवाघळांत गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना, तसेच अन्नाचा दुष्काळ पडलेल्या काळात, हेंड्राची लागण जास्त आढळत होती. भुकेला जीव विषाणूला पूर्वीसारखा धाकात ठेवू शकत नसावा, असा तो तर्क. तो तपासायला दीर्घ काळची मोजणी हवी होती, आणि ती पेगी एबी यांच्याकडे होती. एबी वर्षानुवर्षे फळभक्षी वटवाघळांच्या वस्त्या मोजत, कुठल्या जंगलात कुठले झाड केव्हा फुलले याच्या नोंदी ठेवत आल्या होत्या. अशा कामाला ना प्रयोगशाळेचा झगमगाट, ना झटपट निबंध. १९९६ ते २०२० या पंचवीस वर्षांच्या नोंदी त्यांनी हवामानाशी, जंगलतोडीशी आणि हेंड्राच्या प्रत्येक घटनेशी जोडल्या. २०२२ च्या नोव्हेंबरात ते काम प्रसिद्ध झाले.

त्यातून दिसणारी गोष्ट अशी. या वटवाघळांचे मुख्य अन्न फुलांतला मध. उन्हाळ्यात तो पुष्कळ असतो. हिवाळ्यात मात्र मोजक्याच जातींची झाडे फुलतात, आणि तीही सुपीक सखल जमिनीवरची, म्हणजे शेतीसाठी आणि घरांसाठी माणसाने आधी तोडलेली. १९९६ पर्यंत यातले बहुतांश जंगल गेलेच होते. जे उरले होते, त्यातलेही सुमारे एक तृतीयांश २०१८ पर्यंत साफ झाले. पूर्वी ही वटवाघळे मोठ्या टोळ्यांनी फुलांमागे भटकत. आता त्या टोळ्या फुटून लहान लहान झाल्या आणि शहरांत, घोड्यांच्या कुरणांशेजारी कायमच्या मुक्कामाला आल्या, कारण तिथे बागेतली फळे आणि रस्त्याकडेची झाडे बारमाही थोडेफार देतात. हे अन्न पोट भरते, अंगी लागत नाही. एल निन्योच्या वर्षी पाऊस बिघडला की पुढच्या मोसमात मध आटतो, भुकेलेल्या टोळ्या तबेल्यांजवळच्या झाडांवर उतरतात, आणि नेमका पुढच्या हिवाळ्यात हेंड्रा घोड्यांत उतरतो.

याचा उलटा पडताळाही मिळाला. दुष्काळी वर्षानंतर २०२० मध्ये संशोधकांना मोठ्या उद्रेकाची धास्ती होती. पण त्या हिवाळ्यात जिंपी गावाजवळ रेड गमचे एक जंगल भरभरून फुलले. आपल्याकडे सरसकट निलगिरी म्हणून लावल्या जाणाऱ्या झाडांतली ही एक जात. सुमारे दोन लाख चाळीस हजार वटवाघळे शहरे सोडून तिकडे गेली, आणि ज्याची भीती होती तो उद्रेक झालाच नाही. मोठा फुलोरा आलेल्या कुठल्याही हिवाळ्यात पंचवीस वर्षांच्या नोंदींत हेंड्रा घोड्यांत गेलेला नाही. गोळ्या घालण्याची भाषा करणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर काय हवे? वस्ती उधळली की त्याच भुकेल्या, धास्तावलेल्या टोळ्या आणखी तुकड्यांत विखुरतात.

आपल्या देशात या ज्ञानाची गरज फार तातडीने भासली ती मे २०१८ मध्ये. केरळच्या कोळिक्कोड जिल्ह्यात पेरांब्राजवळच्या एका कुटुंबात एकामागून एक मृत्यू झाले. मणिपालच्या प्रयोगशाळेत निपाचा संशय पक्का झाला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले. रुग्णांची सेवा करणाऱ्या लिनी पुतुश्शेरी या परिचारिकेसह सतरा जण गेले. घराच्या विहिरीत सापडलेल्या वटवाघळांवर पहिला संशय आला; पण ती कीटकभक्षी होती आणि त्यांच्यात विषाणू नव्हता. पुण्याच्या गटाने मग त्या भागातली मोठी फळभक्षी वटवाघळे पकडली, आणि त्यांच्यात तो सापडला. जिलाँग आणि तिओमानला जो रस्ता शोधायला वर्षे लागली, तो इथे काही आठवड्यांत पार झाला. हेंड्रासाठी बनवलेले ‘एम १०२.४’ हे प्रतिपिंड क्वीन्सलँडहून केरळला पाठवले गेले. ते पोचले तोवर साथ ओसरत होती.

पुण्याची संस्था त्याआधीपासूनच सह्याद्रीत उतरली होती. महाबळेश्वरच्या गुहेतल्या फळभक्षी वटवाघळांपासून तिने ‘मलसूर’ हा नवा विषाणू वेगळा केला होता आणि २०१४ मध्ये त्याची ओळख जगाला करून दिली होती. २०२० च्या मार्चमध्ये, कोविडची टाळेबंदी लागण्याच्या सुमारास, तिथेच घेतलेल्या नमुन्यांत निपाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. पुढच्या वर्षी ही बातमी छापून आली तेव्हा महाराष्ट्रात बरीच घबराट झाली. पण रक्तात प्रतिपिंडे असणे याचा अर्थ त्या वटवाघळाने विषाणू कधीतरी पाहिला आणि पचवला, एवढाच. हेंड्राच्या अनुभवाने शिकवले ते हे की त्यानंतर विचारायचा प्रश्न विषाणूचा नसून अन्नाचा असतो. त्या गुहेभोवतीची उंबर, जांभूळ, वड-पिंपळाची झाडे किती उरली, आणि कुठल्या महिन्यात या प्राण्यांना खायला काही नसते?

कायद्याने मात्र हा प्राणी तोवर उपद्रवीच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत फळभक्षी वटवाघळे कावळे, उंदीर आणि घुशी यांच्यासोबत बसवलेली होती; त्यांना मारायला परवानगी लागत नसे. मोहाचे, काटेसावरीचे परागण करणारा आणि वडा-उंबराचे बी मैलोन्‌मैल पेरणारा प्राणी पन्नास वर्षे त्या यादीत राहिला. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच काढून टाकली, आणि एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरात निपा पुन्हा कोळिक्कोडला आला. सहा जणांना लागण झाली, दोघे गेले, चौघे बरे झाले. त्यांत काही दिवस श्वसनयंत्रावर असलेला नऊ वर्षांचा एक मुलगाही होता. या वेळी शोध, विलगीकरण आणि चाचण्या सगळे काही दिवसांत उभे राहिले. आणि केरळच्या आरोग्य यंत्रणेने लोकांना ज्या सूचना दिल्या, त्यांत उष्टी फळे खाऊ नका याबरोबर आणखी एक सूचना होती: वटवाघळांच्या वस्त्या उधळू नका, त्यांची झाडे तोडू नका.